खाडा यादी

"ही सतरावी ओळ काढा मॅडम," सौरव म्हणाला. "सोळा ओळींचं बरोबर जमून राहिलं. या एकीपायी अख्खा तक्ता बिघडून राहिला ना."

सत्यवतीबाईंनी चष्मा वर सरकवला. टेबलावर मोठा कागद पसरला होता. उभ्या तीन रकान्यांत तीन कंपन्या आणि आडव्या सतरा ओळींत डेअरीची सतरा कामं. संगणकावरचं सगळं काम आता ऑफिसातल्या मशीनवर न ठेवता क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या भाड्याच्या मशीनवर न्यायचं, असं मालकांनी ठरवलं होतं. कोणाच्या मशीनवर, ते या कागदावरून ठरणार होतं.

"काढता येणार नाही," त्या म्हणाल्या. "ती खाडा यादी वापरात आहे."

"कोण वापरतं?"

"पारशिवनी दूध केंद्राचे देवाजी. रोज."

"एक माणूस!" सौरवनं हात जोडले. "एका माणसासाठी मी मालकांले दीडपट भाडं भरायले सांगू? जोड्यानं मारतील मले."

सौरव धरमपेठेत वाढलेला, पुण्यात शिकून आलेला, बत्तीस वर्षांचा. गेल्या वर्षी मालकांनी त्याला सत्यवतीबाईंच्या वर आणून बसवला. मुलगा वाईट नव्हता, आणि हीच पंचाईत होती. वाईट असता तर भांडता आलं असतं.

सहा आठवडे त्या या कागदावर डोकं फोडत होत्या. तीन कंपन्यांचे तीन विक्रेते येऊन गेले. त्यांच्या नावांपेक्षा त्यांची रूपंच बाईंच्या लक्षात राहिली होती: टायवाला, अत्तरवाला आणि घाईवाला. टायवाला तासावर भाडं सांगे, अत्तरवाला महिन्यावर, आणि घाईवाल्याचं बिल डॉलरमध्ये. जसं एकानं दूध लिटरनं सांगावं, दुसऱ्यानं किलोनं आणि तिसऱ्यानं कॅनवर, आणि वर तिघांनीही म्हणावं, आमचंच स्वस्त. बाईंनी तिघांचं एका मापात आणलं. मग त्यांना दिसलं की डेटा आत न्यायला कोणीच पैसे घेत नाही. परत बाहेर काढायचा म्हटलं की मात्र मोजून घेतात. अशी सासरं त्यांनी पुष्कळ पाहिली होती.

"मशीनवर दिवसभरात सरासरी किती काम असतं?" टायवाल्यानं विचारलं होतं.

"सरासरी काढू नका," बाई म्हणाल्या होत्या. "दूध सकाळी दोन तास येतं आणि संध्याकाळी दोन तास. दर दहा दिवसांनी गवळ्यांच्या पैशांचा चुकारा निघतो, त्या दिवशी मशीनला श्वास घ्यायला फुरसत नसते. मधल्या वेळात ते झोपलेलं असतं. सरासरी धरली तर दुपारी पैसे वाया जातील आणि सकाळी गवळी दारात ताटकळतील."

त्यानं हसून मान हलवली आणि सरासरी काढूनच आकडा पाठवला. बाईंनी तो घेतला नाही. तिन्ही ठिकाणी महिनाभराचं खरं काम स्वतः चालवून पाहिलं आणि डोळ्यांनी दिसलं तेच रकान्यात भरलं. विक्रेत्याच्या तोंडचा एकही आकडा त्यांनी कागदावर येऊ दिला नाही.

ऑफिस लकडगंजात, खाली आरामशीन. दिवसभर सागवानाचा भुसा जिन्यानं वर येई. एक्क्याण्णव साली बाई चोविसाव्या वर्षी इथं लागल्या, तेव्हा पहिल्यांदा शिकल्या ते यंत्रातला भुसा झाडायला. इंदोऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत तेव्हा टायपिंग शिकलेल्या मुली होत्या, संगणकावर बसणारी ही एकटीच. मालकांच्या केबिनमध्ये तेव्हा एसी नव्हता, पण संगणकाच्या खोलीत होता. मे महिन्यात मालक "जरा काम पाहतो" म्हणून तिथं येऊन बसत आणि पंधरा मिनिटांत घोरू लागत. बाई आवाज न करता कळा दाबत. ते मालक गेले, त्यांचा मुलगा मालक झाला. यंत्रं चार वेळा बदलली. भुसा तेवढा तोच राहिला.

पगार, चुकारा, टँकरचे मार्ग, हे सगळे कार्यक्रम बाहेरून विकत आणलेले. बाईंच्या स्वतःच्या डोक्यातून निघालेला एकच. खाडा यादी.

दोन हजार चार साली पारशिवनी केंद्राचे देवाजी कुंभलकर चुकाऱ्याचे कागद न्यायला आले होते. निघता निघता दारात थांबले. "मॅडम, तुमच्या मशीनले सगळं मालूम असते म्हंतात. कोनाचं दूध सलग तीन दिवस नाही आलं, ते सांगन का थे?" त्यांच्या गावात एकाची म्हैस साप चावून मेली होती. माणूस लाजेनं केंद्राकडे फिरकलाच नाही. देवाजींना कळलं तेव्हा विम्याचा अर्ज करायची मुदत निघून गेली होती.

बाईंनी तीन आठवडे घरी, चौकटीच्या वहीत, पेन्सिलीनं कार्यक्रम लिहिला. रोज साडेचारला देवाजींच्या मशीनवर नावं उमटायची. त्यांनी 'पाहिली' ही कळ दाबली की इकडे बाईंच्या पडद्यावर हिरवी खूण यायची. पहिल्याच वर्षी दोन म्हशींचा विमा मिळाला. देवाजींनी लाल मिरच्यांची पिशवी पाठवली होती.

आता नव्या तयार प्रणालीत सोळा कामं होती, ही नव्हती. जुन्या भाषेतला तो कार्यक्रम टायवाला घेत नव्हता, अत्तरवालाही घेत नव्हता. फक्त घाईवाला म्हणाला, "जुनं मशीनच जसंच्या तसं आमच्याकडे उचलून ठेवतो." त्याचं भाडं दीडपट.

"स्पष्ट बोलतो मॅडम," सौरव खुर्ची ओढून बसला. "मार्चमध्ये तुमचे अठ्ठावन्न पूर्ण होतात. यादी राहिली तर जुनं मशीन राहील. त्याची नाडी समजणारं माणूस या ऑफिसात एकच. म्हणजे तुमची दोन वर्षं मी सहज वाढवून घेतो. नाही राहिली, तर मले काही बोलायले जागाच नाही. तुम्ही एक करा. देवाजींची सही आणा. वापरकर्त्यानं लिहून द्यायचं, अत्यावश्यक. बस. मी घाईवाल्याले हो म्हणतो."

"आणते," बाई म्हणाल्या. त्यांना राग आला होता, पण कशाचा, ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. एकवीस वर्षं चाललेल्या कामाला सहीचा पुरावा लागावा?

दुसऱ्या दिवशी एसटीनं त्या पारशिवनीला पोचल्या तेव्हा चार वाजून गेले होते. केंद्र म्हणजे रस्त्यालगतची दोन खोल्यांची इमारत. देवाजींचे केस पांढरे झाले होते, मिशी मात्र काळी कुळकुळीत.

"अवं माय! मॅडम, तुमी खुद?" त्यांनी खुर्ची पुसली, पुन्हा पुसली. "फोन करून सांगाचं ना. बसा. आता दूध सुरू होते, घटकाभर आवाज सहन करा."

"यादी अत्यावश्यक हाय, अशी सही पाहिजे तुमची," बाई म्हणाल्या, तोवर बायका-माणसं कॅन घेऊन येऊ लागली. देवाजी दूध मापत होते, नमुना काढत होते, आणि सगळ्यांशी एकाच वेळी बोलत होते.

"देवाजी, उद्या-परवा माहं दूध नाही येनार गा," इंदूबाई नावाची एक म्हणाली. "भासीचं लगन हाय रामटेकले."

"मंग म्हैस कोन पिळन?"

"पोरगा पिळन. पन थो इथं आनन थोडीच. घरीच खीर करून खाईन, मेला."

"सांगून चालली, हे बरं केलं वं."

तेवढ्यात फोन वाजला. देवाजींनी तो मान तिरपी करून खांद्यात धरला. "कोनती, काळी? खाऊन राहिली का वैरन? डॉक्टरले धाडतो, घाबरू नको."

साडेचारला मशीन टिंग वाजलं. देवाजींच्या उजव्या हातात नमुन्याची बाटली होती. त्यांनी डावा हात मागं नेला, एका बोटानं कळ दाबली आणि हात परत आणला. मान वळली नाही. बोलणंही थांबलं नाही.

सत्यवतीबाई खुर्चीतून उठल्या.

"देवाजी, तुमी पाहिली नाही."

"काय?"

"यादी."

देवाजींनी बाटली खाली ठेवली. "पाहतो ना मॅडम. रोज पाहतो."

"कोन हाय आज त्यात?"

त्यांनी पडद्याकडे पाठ तशीच ठेवली. "रोशन ठवकर, त्याची म्हैस आटली एकोनीस तारखेले. आन दीपमाला. थे माहेरी गेली बाळंतपनाले, दूध थेट हॉटेलात जाऊन राहिलं तिच्या सासऱ्याचं."

बाईंनी पडद्यावर पाहिलं. दोनच नावं होती. तीच.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"आता मोबाइल आले ना सगळ्याईच्या हाती. म्हैस शिंकली तरी फोन येते मले." देवाजी टॉवेलला हात पुसत राहिले, ओले नव्हते तरी. "झाले असतीन दहा-अकरा वर्सं."

"दहा-अकरा वर्सं! मंग दाबत काहून होते रोज?"

"एक दिवस नाही दाबलं, तं पाच मिन्टात तुमचा फोन आला. आठवते? 'देवाजी, तबेत बरी हाय ना?' मले वाटलं, बाई तिकडं वाट पाहून राहिली. तवापासून चुकवलं नाही. प्रीतीच्या लग्नात, पुतनी माही, मंडपातून गाडीवर आलो, दाबलं, आन परत गेलो. अक्षदा चुकल्या. बायको अजून बोलते."

बाईंना त्यांच्या मुलीच्या, सुरुचीच्या, पदवीदानाचा दिवस आठवला. सकाळी मशीन बंद पडलं होतं. साडेचारच्या आत यादी गेली पाहिजे म्हणून त्या भुशात बसून वायरी तपासत राहिल्या, आणि सुरुची एकटीच झगा घालून फोटो काढून आली. असे दिवस एक का होते? सहा वेळा त्यांनी तो कार्यक्रम मरता मरता उठवला होता.

"मले एकदा सांगाचं होतं!" त्यांचा आवाज चढला. "एकदा फोन करून म्हनाचं होतं, मॅडम, नाही लागत आता."

"आन तुमी मले सांगाचं होतं, का लय तरास होऊन राहिला, बंद करू का! मी त्या दिवशीच हो म्हनलो असतो." देवाजीही चिडले होते. "मी तुमच्यासाठी दाबून राहिलो, तुमी माह्यासाठी धाडून राहिल्या. दोघंही येडे."

"ओ, भांडन मंग करा," रांगेतून कोणीतरी ओरडलं. "दूध नासते इथं."

देवाजींनी तीन कॅन मापले. मग हळूच म्हणाले, "सहीचं काय म्हनत होत्या? आना कागद. अत्यावश्यक लिवतो. खोटं काय त्यात? दाबतोच ना रोज."

बाईंनी पर्समधून सौरवचा छापील कागद काढला. सही झाली की संपलं. दोन वर्षं त्या खोलीत, त्या मशीनशेजारी. रोज साडेचारला नावं जातील आणि हिरवी खूण येईल. सौरव विचारणार नाही, मालक तर नाहीच. देवाजींचं पेन उघडं होतं.

सोळा ओळी त्यांनी स्वतः पाहून भरल्या होत्या. सतराव्या ओळीत काय आहे, तेही त्यांनी आताच पाहिलं होतं.

त्यांनी देवाजींचं पेन घेतलं, कागद खिडकीच्या पाळीवर ठेवला, 'अत्यावश्यक' या छापील शब्दावर काट मारली आणि लिहिलं, 'वापरात नाही.' म्हणजे घाईवाला गेला. सकाळ-संध्याकाळचं काम टायवाल्याकडेच सगळ्यात स्वस्त पडत होतं, हे त्यांच्याच कागदानं सांगितलं होतं.

"घ्या. करा सही."

देवाजींनी वाचलं आणि पेनाचं टोपण लावलं. "हे नाही जमनार मॅडम. दुसरं काही मांगा. तुमची यादी मी माह्या हातानं मारू?"

"वापरकर्त्याची सही लागते, देवाजी."

"लागू द्या. मी वापरकर्ता नाही. आताच तं सांगतलं तुमाले."

एकवीस वर्षं, यादी पाठवून झाली की बाई स्वतः ती एकदा वाचत. ज्यांना कधी पाहिलं नव्हतं, त्यांची नावं. नाव यादीतून गेलं, म्हणजे दूध परत सुरू झालं, की त्यांना बरं वाटे. ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

खिडकीची पाळी अरुंद होती, कागद सरकत होता. त्यांनी एका रिकाम्या कॅनच्या झाकणावर तो ठेवला, देवाजींच्या हातातून पेन घेतलं, आणि 'वापरकर्ता' या शब्दापुढे लिहू लागल्या: सत्यवती मधुसूदन गजभिये.

कॅन डुगडुगत होता. देवाजी खाली बसले आणि त्यांचं लिहून होईपर्यंत तो दोन्ही हातांनी धरून राहिले.