चाळीसाव्या घरातला जोड

गल्लीतल्या चाळीसही घरांच्या गॅसच्या नळ्या मिस्त्रींनी स्वतःच्या हातानं जोडलेल्या. तीस वर्षांत कुठे वास आल्याची तक्रार नाही, आणि हे ते कुणी न विचारताही सांगत. आता त्याच नळ्यांतून नेहमीच्या गॅसबरोबर थोडा हायड्रोजन येणार होता. उन्हाच्या विजेनं पाणी फोडून बनवलेला, शंभरात दहा भाग. तो मिसळणाऱ्या केंद्रावरची मुख्य इंजिनिअर म्हणजे मिस्त्रींची थोरली. या कामापायी पोरीनं दोन वर्षं तहानभूक विसरून काढली होती.

पण चाळीसही घरांनी सही दिली तरच गॅस सोडायचा, अशी अट होती. एकोणचाळीस सह्या झाल्या. समोरच्या मास्तरीणबाई अडून बसल्या.

"हायड्रोजन अंगानं बारीक. गॅस निसटत नाही तिथून तो निसटतो," त्या म्हणाल्या. "त्यात जोड बापाचे आणि तपासणार लेक. पेपर लिहिणारेही तुम्ही, मार्क देणारेही तुम्हीच!"

मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थोरली मात्र हसली. "मग तुम्हीच चला ना बाई, माझ्याबरोबर. प्रत्येक घरात."

दोन दिवस तिघं हिंडली. पुढे गळती हुडकणारं यंत्र घेतलेली थोरली, मधे चष्मा सावरत बाई आणि मागे मान ताठ केलेले मिस्त्री. एकोणचाळीस घरांत यंत्र गप्प राहिलं. शेवटचं घर मिस्त्रींचं स्वतःचं. तिथे ओट्याखाली ते किणकिणलं.

"बिघडलंय ते," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी जोडाला साबणाचा फेस फासला. बुडबुडा नाही. "बघ!"

"थांबा जरा, बाबा."

तिसऱ्या मिनिटाला मोहरीएवढा बुडबुडा आला.

मिस्त्रींना आठवलं. बायकोला शेगडी खिडकीपाशी हवी होती. एका रविवारी त्यांनी घाईघाईत नळी वळवली आणि घरचंच तर आहे म्हणून तपासली नाही. लोकांकडे दोन-दोनदा तपासणारा माणूस! गॅस कंपनीतली निवृत्ती महिन्यावर आली होती.

त्यांचं तोंड बघून बाईच विरघळल्या. "जाऊ दे गं. फिरव पाना. मी काही पाहिलं नाही."

खरं सांगायचं तर मिस्त्रींनाही क्षणभर तसंच वाटलं. थोरलीनं मात्र झडप बंद केली आणि वहीत लिहिलं: घर चाळीस, गळती, जोडणारा क्रमांक सतरा. मिस्त्री पाना घ्यायला वाकले.

"तुम्ही नाही, बाबा. ज्याचा जोड गळतो त्यानं तो दुरुस्त करायचा नाही. दुसरे मिस्त्री येतील."

"हा नियम कुणी काढला?"

"तुम्हीच. वीस वर्षांपूर्वी."

मिस्त्रींनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग बाईंनी पेन मागितलं. "सख्ख्या बापाला सोडलं नाहीस, तू गळतीला काय सोडणार!" म्हणत त्यांनी सही ठोकली.

आठवड्यानं मिसळलेला गॅस आला. गल्लीभर चहा उकळले, आणि कुणालाही फरक कळला नाही. केंद्रावर इंजिनिअर आणि मिस्त्री अशा सगळ्यांच्या बैठकीत मोठ्या साहेबांनी अहवाल चाळला. चाळीस घरांत एकच लाल खूण होती.

"हा क्रमांक सतरा कोण?"

मिस्त्री खुर्ची मागे सारून उभे राहिले. लाज वाटायला हवी होती, पण छाती काही केल्या आत जाईना.

"मी, साहेब. जोड माझा," ते म्हणाले. "आणि तो पकडणारीही माझीच."