पायरीवरचं शेवाळ

दर सोमवारी कामाला लागण्याआधी गाजरं धुवायच्या शेडमध्ये बैठक व्हायची आणि ती चालवायची मी. बोलायचं असेल तिने हात वर करायचा, हा नियमही माझाच. बाया म्हणायच्या, मुकादमबाईंच्या बैठकीत सगळ्यांना बोलायला मिळतं. मिळायचंच, फक्त माझ्या थोरल्या जावेला सोडून.

घरी तिचा शब्द शेवटचा. मीठ किती, झाडू कुठं, सगळं तिने सांगायचं आणि मी मान हलवायची. शेतावर मात्र मुकादम मी. तिचा हात वर गेला की मी चिखलाने माखलेल्या टोपल्यांकडे बघत बसायचे.

त्या सोमवारी तिने हात खालीच घेतला नाही.

"बोला," मी नाइलाजाने म्हणाले.

"आज ह्यांचा चहा उशिरा झाला, म्हणून मी धावतच आले. टाकीच्या पायरीपाशी येते तर तिथं..."

"जाऊबाई, घरचं घरी. चहाचं इथं काय काम?"

बाया हसल्या. मीही हसले. ती टोपलं उचलून बाहेर गेली.

गुरुवारी त्याच पायरीवरून ती भरल्या टोपल्यासकट घसरली. उजवं मनगट मोडलं. तिला दवाखान्यात नेल्यावर मी पायरी घासायला बसले. हिरवंगार, बुळबुळीत शेवाळ होतं, पंधरा मिनिटांत निघालं. तिचं सांगणं तर दोनच मिनिटांचं होतं.

घरी तिची वेणी आता मी घालत होते. ती काही बोलायची नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर मला घास तरी गिळता आला असता. एकदाच म्हणाली, "जरा सैल बांध."

पुढच्या सोमवारी ती हात गळ्यात अडकवून आली आणि मागे खोक्यावर बसली.

"आधी माझं ऐका," मी म्हणाले. "जाऊबाई त्या दिवशी पायरीचंच सांगत होत्या. मी त्यांना गप्प केलं. घरी माझं काही चालत नाही, त्याचा राग इथं काढला. मला लाज वाटते."

कुणी हसलं नाही. टाकीपाशी पाणी तेवढं ठिबकत होतं.

"जाऊबाई, तुम्हाला काही बोलायचंय?"

"नाही."

मग बाकीच्या बोलल्या. कुणाला हातमोजे हवे होते, कुणाची पाटी फुटली होती. सगळं संपत आलं तेव्हा मागे एक हात वर गेला. डावा.

"धाकटे, पायरी चांगली घासलीस. पण नळीचा सांधा गळतोय, पाणी तिथंच पडतं. महिन्याभरात पुन्हा शेवाळ धरेल. त्या दिवशी तेच सांगत होते."

मला वाटत होतं, तिचं सांगणं मला उशिरा का होईना, कळलं. मी तर अर्धंसुद्धा ऐकलं नव्हतं. मी तिच्यासमोर पालथ्या टोपलीवर बसले.

"आणखी काही आहे, जाऊबाई?"

"आहे की. पण मी चहापासूनच सुरू करणार."

"करा," मी म्हणाले.