जागेपणी काढलेली दाढ

डॉक्टर राफेल वाकरूळकरांनी पनवेलच्या बाजारात दातांचा दवाखाना उघडला त्याला चार महिने झाले होते. साल एकोणीसशे अठ्ठावन्न. तोवर त्यांनी हलणारे दात काढले, किडलेले भरले, दोन म्हाताऱ्यांना कवळ्या बसवल्या. हिरडी कापून, हाड कोरून दाढ काढायची वेळ मात्र आली नव्हती. आज ती आली होती, आणि त्यांची थोरली बहीण जेरुशा सकाळपासून हत्यारं दोनदा उकळून बसली होती.

जेरुशा मुंबईच्या एका इस्पितळात अकरा वर्षं नर्स होती. भावाच्या मदतीसाठी नोकरी सोडून आली, पण चिमटे पुसण्यात आणि नावं लिहिण्यात तिचा जीव रमेना. आज तिला चहाचंही भान नव्हतं.

"राफेल, हात बघू तुझे," ती म्हणाली.

त्याने हात पुढे केले. सकाळपासून चौथ्यांदा धुतलेले होते.

"भीती नाहीये ताई. कधी एकदा सुरू करतोय असं झालंय!"

पेशंट होती शुक्री. कळंबोलीकडच्या वीटभट्टीवर काम करणारी, तिशीची कातकरी बाई. खालची अक्कलदाढ हाडात आडवी अडकलेली, गाल इतका सुजलेला की आठवड्यापूर्वी ती आली तेव्हा एक डोळा मिटला होता. पाच दिवस रोज चालत येऊन तिने पेनिसिलीनची सुई घेतली, सूज उतरली आणि सोमवारचं ऑपरेशन ठरलं. बरोबर तिचा नवरा बुधा आला होता.

"डागदर, तिला पार झोपवून टाका," तो दारातूनच म्हणाला. "तिला काय म्हंजे काय कलू नको."

"मना नाय झोपायचा," शुक्री म्हणाली.

"गप बस गं. वरडशील."

"वरडंन. पन झोपनार नाय."

राफेलने खुर्ची सरळ केली. "अहो बाई, काळजी कशाला करता? मी सुई देतो, काही कळायचं नाही..."

शुक्री ताडकन उठली. "बग! ह्यो पन तसाच बोलतो!"

जेरुशाने भावाला डोळ्यांनीच थांबवलं. शुक्रीला बाकावर बसवून विचारलं, "कोण बोललं होतं असं?"

मग कळलं. तीन वर्षांमागे हीच दाढ दुखत होती, तेव्हा जत्रेतल्या एका दात काढणाऱ्याकडे तिला नेलं होतं. दारू पाजली, चौघांनी धरलं. शुद्धीवर आली तेव्हा तोंड रक्ताने भरलेलं आणि दुखणारी दाढ जागच्या जागी. शेजारची धडधाकट दाढ काढली होती. बुधा खाली मान घालून ऐकत होता; धरणाऱ्यांत तोही होता.

"माज्याच तोंडात काय केला, तां मनाच ठावा नाय," शुक्री म्हणाली.

"आज ठाऊक असेल," जेरुशा म्हणाली. "ऐक. झोपवायचं म्हणजे एकच प्रकार नसतो."

ती सांगू लागली आणि सांगता सांगता तिचाच आवाज चढत गेला. पुरं बेशुद्ध करायचं तर मुंबईला मोठ्या इस्पितळात जावं लागेल. पोट रिकामं हवं, आणि तुझा श्वास बघायला एक वेगळा डॉक्टर शेवटपर्यंत उशाशी बसलेला हवा. तो इथे नाही, म्हणून इथे तसं करायचं नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. एक गॅस असतो, नाकावाटे हुंगायचा. मन हलकं होतं, भीती जाते. ते यंत्रही मुंबईलाच. इथे आहे ती ही सुई. तेवढाच जबडा बधिर होतो, बाकी तू टक्क जागी. आणि सुईआधी एक गोळी घेता येते. ती गुंगी आणते. हाक मारली तर ओ देशील, पण निम्मंअर्धं आठवणार नाही, आणि घरी कुणीतरी धरून न्यावं लागेल.

"गोली घेतली त दुखनार नाय?"

"नाही. गोळी भीतीसाठी. दुखणं थांबवते ती सुई."

शुक्रीने ते दोन बोटांवर मोजून घेतलं. भीतीला गोळी. दुखण्याला सुई.

"सुई चुकली त?"

प्रश्न राफेलला होता. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "तर तुम्ही डावा हात वर करायचा. मी त्या क्षणी थांबणार."

"सबूद?"

"शब्द."

"मंग निस्ती सुई. पन मना भ्या वाटतंय, तां सांगून ठेवते."

"मलाही वाटतंय," राफेल म्हणाला, आणि शुक्री पहिल्यांदा हसली.

सुई टोचली तेव्हा तिने खुर्चीचे हात आवळले. पाच मिनिटांनी ओठ चाचपून ती ओरडलीच, "बाय! माजा व्होट गेला!" जेरुशाने आरसा दाखवला. ओठ जागेवरच होता. शुक्री त्याला चिमटे काढत राहिली, लहान पोरीसारखी.

राफेलने हिरडी कापली. विजेचं कोरणं हाडाला टेकवलं आणि दोन मिनिटांत ते घरघरत बंद पडलं. वरचा दिवाही विझला. बाजारातली वीज गेली होती.

जेरुशाने खिडकी सताड उघडली. कोपऱ्यात पायाने चालवायचं जुनं कोरणं होतं, शिवणाच्या मशीनसारखं. पायडल मारत ही अडचणीतली दाढ कोरणं एकट्या राफेलला जमणारं नव्हतं आणि जेरुशाचे दोन्ही हात पाण्यात न् कापसात गुंतलेले. तिने दाराकडे पाहिलं.

"बुधा, इकडे ये. हात धू आणि पाय मार."

"मी?"

"तूच."

बुधा पायडल मारू लागला. कोरणं गरगरू लागलं. आणि शुक्रीचा डावा हात वर गेला.

राफेल जागच्या जागी थांबला. "दुखलं?" तिने होकारार्थी मान डोलावली. त्याने आणखी थोडं औषध आत सोडलं, मोजून तीन मिनिटं वाट पाहिली, हाडावर हळूच टोकरलं. हात खालीच राहिला. पुन्हा सुरू.

थोड्या वेळाने हात परत वर. सगळे गोठले. पण या वेळी शुक्रीने बोट दाखवलं ते बुधाच्या पायाकडे, आणि तळवा खाली दाबत खूण केली: हळू! घाबरून तो घोड्यावर बसल्यासारखा पाय मारत होता आणि तिचं डोकं हादरत होतं. राफेलला हसू आवरेना. बुधा घाम पुसून एका लयीत मारू लागला.

दाढ दोन तुकडे करून काढावी लागली. पहिला तुकडा पटकन आला. दुसऱ्याला राफेलने पकडलं, वळवलं, पुन्हा वळवलं, आणि काहीतरी कटकन सुटलं.

"आली!" तो इतक्या मोठ्याने ओरडला की रस्त्यावरची दोन माणसं खिडकीशी आली.

दोन्ही तुकडे जेरुशाने बशीत जोडून शुक्रीसमोर धरले. शुक्रीने ते निरखून पाहिले, बोट घालून आपली दाढ कुठून निघाली ते आरशात तपासलं, शेजारचे दात मोजले. उरलेले सगळे होते. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. बुधाने तिचा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही.

टाके काढायला आठवड्याने ती आली तेव्हा बरोबर भट्टीवरची सोमी होती, गालाला फडकं बांधलेली. राफेल बोलायला उठला तर शुक्रीनेच त्याला थांबवलं.

"तू बस डागदर. मी सांगते हिला." आणि तिने बोटं पुढे केली. "ही गोली, भ्यासाठी. ही सुई, दुखन्यासाठी. पार झोपायचा आसंल त मुंबईला जा, हितं नाय. गोली घेतली त एकटी घरी जायाचा नाय."

सोमी अडखळत म्हणाली, "मना गोली पन पायजे. तुज्यावानी जिगर नाय माजी."

जेरुशाला वाटलं, आता शुक्री तिला चिडवणार. पण शुक्रीने बाकावर तिच्यासाठी जागा केली.

"घे की. तोंड तुजा हाय. मी बसते हितं, मी नेईन तुला घरी."

राफेलने हात धुवायला घेतले. जेरुशाने नव्या पानावर सोमीचं नाव लिहिलं, आणि विचारलं, "सोमी, गोळी द्यायची तर सकाळी काय खाल्लंस ते आधी सांग."