रिमोट बाबांच्या हातात राहू द्या

मी क्रॉलर बोलतोय. दगडांवर चढणारी रिमोटची गाडी. आणि सुरुवातीलाच सांगून ठेवतो, माझं डोकं फिरलेलं आहे. वर्षभराचा राग साठलाय. मध्ये कुणी बोलू नका. मध्ये हात घालणाऱ्यांनीच सगळी वाट लावली.

लोकांना वाटतं, रिमोटची गाडी म्हणजे सुसाट पळणार. पळायला दुसऱ्या गाड्या असतात. मी चढतो. माझी चाकं मऊ रबराची, दगडाला धरून बसणारी. चारही चाकं एकदम फिरतात, त्यामुळे एखादं अधांतरी राहिलं तरी बाकीची मला ओढून नेतात. मला हळू न्यायचं असतं. आधी दगड नीट बघायचा, कुठून चढायचं ते ठरवायचं, मग बोटभर पुढे, थांबायचं, पुन्हा बोटभर. नवशिक्यानं एवढं शिकलं की पुष्कळ झालं. पण थांबणंच तर माणसांना जमत नाही.

मला समीरनं आणलं. हा भोपाळला सरकारी कारखान्यात इंजिनिअर, तिथल्याच मिसरोद भागात फ्लॅटमध्ये राहतो. घरात बायको अमृता आणि वडील मनोहरराव. त्यांना सगळे बाबाच म्हणतात, मीही म्हणतो. बाबांचा जन्म सरकारी कचेरीत लिहिण्यात गेला. मग अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, पण उजव्या हाताची बोटं वळेनात. डॉक्टर म्हणाले, हाताला काहीतरी आवडीचं काम द्या, नाहीतर आहे तेवढीही ताकद जाईल.

म्हणून समीरनं माझा खोका बाबांसमोर ठेवला. "बाबा, ही खास तुमच्यासाठी."

माझा रिमोट बंदुकीसारखा दिसतो. डाव्या हातात धरायचा, त्याच हाताच्या बोटानं खटका दाबायचा आणि उजव्या हातानं बाजूचं छोटं चाक फिरवून मला वळवायचं. बाबांनी बोटं कशीबशी चाकावर ठेवली. मी जरासा वळलो. बाबा हसले. तेवढ्यात समीर म्हणाला, "असं नाही बाबा. द्या इकडे, मी दाखवतो."

हे वाक्य पुढे मी इतक्यांदा ऐकलं की त्या आवाजाचीच मला चीड यायला लागली. रिमोट घ्यायचा, खटका पूर्ण दाबायचा आणि मला सोफ्याच्या पायावर आपटायचं, हे याचं दाखवणं! मोबाइलवर व्हिडिओ बघून हा पंडित झालेला. खास बाबांसाठी आणलेली गाडी, आणि बाबा खुर्चीत बसून बघतायत.

समीर कामावर गेला की मात्र माझे दिवस यायचे. सोसायटीच्या मागे बांधकामातले दगड पडलेले होते. अमृता मला तिथे घेऊन जायची आणि कट्ट्यावर मटार सोलत बसायची.

"बाबा, डावीकडून घ्या ना."

"गप गं. आधी दगड बघू दे."

बाबा एकेका दगडाकडे किती वेळ बघायचे! घाई त्यांना जमतच नव्हती, आणि मला घाई नकोच होती. हळूहळू मी दगड चढायला लागलो. आधी त्यांचं एकच बोट चाकाला टेकायचं, मग अंगठाही टेकायला लागला. एक दिवस त्यांनी उजव्या हातानं मटारची शेंग सोलली. अमृतानं पदरानं डोळे पुसले. मला तेव्हा वाटलं, कारखान्यातून इथवर आलो त्याचं सार्थक झालं.

मग दसरा आला. घरातली वाहनं पूजेला लावली. स्कूटर, कार आणि मी. पूजेबद्दल माझी तक्रार नाही, हळदीकुंकू मला आवडलं. पण समीरच्या अंगात उत्साह संचारला. त्यानं माझ्याभोवती झेंडूची भलीमोठी माळ गुंडाळली आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. मी काय ट्रक आहे लिंबू चिरडायला? मी आपला लिंबावर चढलो!

"अरे वा, क्या बात है! अमृता, व्हिडिओ काढ!" असं म्हणत त्यानं मला माळेसकट हॉलभर पळवलं. माळ तुटली. फुलं फरशीवर सांडली आणि दोरा माझ्या पोटाखालच्या, चाकं फिरवणाऱ्या दांड्याला गुंडाळला गेला. समीरनं वरवरची फुलं काढली, फरशी झाडली आणि श्रीखंड-पुरी खायला बसला. माझ्या पोटाखाली डोकावायला कुणाला वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाबांनी खटका दाबला. नेहमीसारखा, अगदी हळू. मोटर घुं घुं करत राहिली. चाकं हलेनात. तापल्याचा वास आला आणि मी बंद पडलो.

समीर धावत आला. "बाबा! किती जोरात दाबलंत? संपवलीत ना गाडी!"

अमृता म्हणाली, "अहो, त्यांनी हळूच दाबलं. मी बघत होते."

"तुला काय कळतं यातलं?"

अरे, मग तुला काय कळतं? एवढा शिकलास, गाडी उलटी करून बघता येत नाही? मला वाचा असती ना, तर मिसरोदपासून हबीबगंजपर्यंत ऐकू जाईल असा ओरडलो असतो. पण रिमोटच्या गाडीला तोंड नसतं. बाबांनी उजव्या हाताकडे पाहिलं. "या हातात आता काही ठेवू नका," म्हणाले, आणि हात शालीत घेतला.

तो हात शालीतच राहिला. शेंगा सोलणं सुटलं. सदऱ्याची बटणंही अमृता लावायला लागली. मला शोकेसमध्ये काचेच्या बाहुल्यांशेजारी बसवलं. पडून पडून माझी बॅटरी फुगली आणि फेकली गेली. पाहुणे विचारायचे, "रेसिंगची आहे का?" मी आतल्या आत धुमसायचो. माझ्यासमोर एका माणसाचा हात वाळत होता, आणि कारण माझ्याच पोटाखाली होतं.

समीर वाईट आहे असं मी म्हणत नाही. बाबांची औषधं तो कधी चुकवत नाही, दवाखान्यात स्वतः घेऊन जातो. प्रेम आहे त्याचं. पण प्रेमानं हिसकावलं तरी ते हिसकावणंच असतं, आणि प्रेमाच्या माणसाविरुद्ध दाद कुठे मागायची?

या दसऱ्याला अमृतानं मला खाली काढलं आणि कुंकवाचा करंडा बाबांपुढे धरला. "बाबा, हिची पूजा तुम्ही करा." बाबा नको नको म्हणत होते, पण पूजेला डावा हात चालत नाही. शालीतून उजवा हात बाहेर आला. चाकाला कुंकू लावताना थरथरतं बोट घसरून चाकामागे पोटाखाली गेलं आणि कशाला तरी अडकलं.

"हे काय गं?"

वाळून काळी पडलेली झेंडूची पाकळी. तिच्यामागे दोरा. बाबा ओढत राहिले, दोरा येत राहिला. समीर नवी माळ हातात घेऊन समोरच उभा होता. त्याला सगळं कळलं. त्याचा चेहरा पाहून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी त्यानं आपट्याचं पान बाबांच्या हातात ठेवलं आणि पायांवर डोकं टेकवलं. बराच वेळ उठला नाही. बाबा म्हणाले, "सोनं मिळालं. आता रिमोट आण."

मोटर शाबूत निघाली, नवी बॅटरी आली. आणि आज, रविवारी सकाळी, आम्ही केरवा धरणाजवळच्या खडकांवर आहोत. मी अर्ध्या दगडावर आहे. मागचं एक चाक हवेत आहे. बाबांचा उजवा हात रिमोटच्या चाकावर थरथरतोय, त्याबरोबर माझी पुढची चाकंही थरथरतायत.

समीर सवयीनं पुढे आलाच. "बाबा, द्या जरा, एवढंच मी..."

"समीर, हात मागे."

त्यानं दोन्ही हात पाठीमागे बांधले. अमृता तोंड वळवून हसतेय.

तुम्हालाही हेच सांगतो. तुमच्या घरातही कुणाचा तरी हात असाच थरथरत असेल. तो हळू असेल, चुकेल, तुम्हाला बघवणार नाही. तरी हात मागे ठेवा. मी उलटलो तर उलटू द्या. बाबाच येऊन सरळ करतील.

आता मीही गप्प बसतो. बाबा दगड बघतायत.