पूर्वपक्ष लसणाचा

आमच्या ह्यांना, म्हणजे प्राध्यापक डॉ. विजयसिंह चौगलेंना, साधं वाक्य लिहिता येत नाही. मराठी शिकवतात, जुन्या गद्यातल्या वादविवादावर पीएचडी आहे, आणि दर गुरुवारी पेपरात आरोग्यावर लेख लिहितात. माझं राजारामपुरीत औषधांचं दुकान आहे. शास्त्र माझ्याकडून घ्यायचं आणि भाषा आपली घालायची, असं त्यांचं सहा वर्षं बिनबोभाट चाललं होतं.

त्यांची एक खोड आहे. एखादं मत खोडायचं तर आधी ते इतक्या प्रेमानं मांडायचं की विरोधकालाही लाज वाटावी, आणि मग उत्तर द्यायचं. याला म्हणे पूर्वपक्ष म्हणतात. रक्तदाबावरच्या लेखात अर्धा लेखभर त्यांनी लसणाचे गोडवे गायले. पहाटे दोन पाकळ्या चावल्या तर गोळीची गरजच काय? उरलेल्या अर्ध्यात हे सगळं कसं चूक आहे आणि मनानं गोळी बंद करणं कसं जिवावर बेततं, ते होतं.

"गोळी बंद करू नका, हे पहिल्या ओळीत लिहा," मी म्हटलं.

"संयोगिता, निष्कर्ष आधी सांगितला की लेख मरतो," हे म्हणाले आणि चहा मागितला.

गुरुवारी लेख आला, पण अर्धाच. उरलेल्या जागेत कुण्या युवा नेत्याचा गॉगल घातलेला फोटो, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि बत्तीस शुभेच्छुकांची नावं. लेख "गोळीची गरजच काय?" इथंच संपला होता. ह्यांनी फोन करून पुरवणीवाल्याला झापलं.

"सर, जाहिरात कापता येत न्हाय. खुलासा घालू की रविवारी, चार ओळींचा. जागा राहिली तर," तो म्हणाला. "पण शेवट झकास झालाय!"

शैलीची कत्तल झाली म्हणून हे दोन दिवस जेवले नाहीत नीट. मला मात्र शनिवारी सासऱ्यांची खोली झाडताना धस्स झालं. आण्णांच्या बीपीच्या गोळ्यांमधली एकही गोळी गुरुवारपासून कमी झाली नव्हती. शेजारी सोललेल्या लसणाची वाटी होती आणि भिंतीवर लेखाचं कात्रण, लॅमिनेशन करून लावलेलं. आण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, जुने पैलवान. डॉक्टरला मानत नाहीत, पेपरला मानतात. तालमीच्या कट्ट्यावर लेख वाचून दाखवून त्यांनी आणखी तिघांच्या गोळ्या सोडवल्या होत्या.

मी दुकानातलं मशीन आणून लावलं. वरचा आकडा एकशे ऐंशीला टेकलेला. डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले, गोळी लगेच चालू करा, चक्कर आली, छातीत दुखलं तर तडक घेऊन या. हे हातात गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन बापापुढं उभे राहिले. इतकं घाबरलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

"आण्णा, घ्या की."

"कशाला? पेपरात आलंय, गरज न्हाय म्हणून."

"अहो, ते मीच लिहिलंय! आणि ते माझं मत नव्हतं."

"तुझं न्हवतं, मग नाव कशाला घातलंस खाली?"

आमच्या डॉक्टरेटवाल्यांनी गोळी आणखी पुढं केली.

"चुकलं माझं. माझ्यासाठी घ्या."

"पेपरात आण. मग घेतो," आण्णा म्हणाले आणि पाठ करून बसले.

मला ह्यांचाही राग आला होता आणि आण्णांचाही. पण रागातच सुचलं. "जाहिरात कापता येत नाही ना? मग जाहिरात द्या. वाढदिवसाची." आण्णांची खरी जन्मतारीख कुणालाच माहीत नाही, त्यामुळं उद्याची चालण्यासारखी होती. हे लिहायला बसले. पहिला मसुदा "लसणाची थोरवी कोण नाकारील?" असा सुरू झाला. मी तो फाडला. दुसराही फाडला. तिसरा त्यांनी स्वतःच फाडला आणि माझ्याकडं न बघता तीन ओळी लिहिल्या.

रविवारी पेपरात फेटा बांधलेले आण्णा झळकले. ह्यांच्या खुलाशाची जागा आमच्याच जाहिरातीनं खाल्ली होती. आण्णांनी उंबऱ्यात बसून मोठ्यानं वाचलं, "आण्णांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. बीपीची गोळी रोज घ्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. शुभेच्छुक, समस्त तालीम मंडळ." पुन्हा एकदा वाचलं.

"पोरी, पाणी आण."

गोळी गिळली. माझा जीव भांड्यात पडला. आण्णांनी पेपर लेकापुढं धरला.

"हे बघ. एका दमात कळलं. लिवणाऱ्याला अक्कल हाय. तूबी शीक जरा त्याच्याकडनं."

ह्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता पूर्वपक्ष सुरू होणार.

"व्हय, आण्णा," ते म्हणाले, आणि रिकामा तांब्या घेऊन आत गेले.