खुर्चीवरून उठवण्याची विद्या

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक वर्ग समोर आणा. शाळा सुटली आहे. बाकं भिंतीला सरकवून ठेवली आहेत, खडूची धूळ अजून हवेतच आहे. मधोमध एकच खुर्ची, हातांची, मऊ गादीची, बाईंची स्वतःची. तिच्यात एक मुलगा रेलून बसलाय. समोर उभ्या असलेल्या मुलीने त्याला तिथून उठवायचंय, तेही हात न लावता. आता त्या मुलीच्या जागी तुम्ही उभे आहात असं समजा. काय बोलाल?

"ऊठ" म्हणाल? चालणार नाही. हुकूम सोडायचा नाही, हा बाईंचा नियम होता. "प्लीज ऊठ ना रे" म्हणाल? तेही नाही, गयावया करायची नाही. "तुझी आई बाहेर आलीय" अशी थाप माराल? मग खेळातूनच बाद. आणि खरी मेख पुढेच होती. "मी उठतो" हे वाक्य खुर्चीत बसलेल्याच्याच तोंडून आलं पाहिजे, आणि ते आपल्याच मनात आलं असं त्याला वाटलं पाहिजे.

हा वक्तृत्वाचा वर्ग. शिकवणाऱ्या बाई एके काळी कोर्टात वकिली करत. मग घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला आणि मागे उरली नुसती घरघर, गंजलेल्या बिजागरीसारखी. "बोलायला शिकवतात आणि स्वतःलाच बोलता येत नाही," अशी मुलं त्यांची पाठीमागे टिंगल करत. पण बाईंनी तोंड उघडलं की वर्ग चिडीचूप होई. ऐकायचं तर कान देण्यावाचून इलाजच नव्हता.

आपल्या गोष्टीतली मुलगी हा खेळ कधी हरली नव्हती. घरी तिला मोठी म्हणत, कारण तिच्या पाठीवर एक बारकी होती.

"बसलास आरामात?" मोठीने खुर्चीतल्या मुलाला विचारलं.

"एकदम! आज मी काही हलत नाही, काय करायचं ते कर."

"नकोच हलू. फळा दिसतो का रे तिथून?"

"पाठ आहे फळ्याकडे. बरंच आहे की."

"आणि मैदान?"

"तेही नाही दिसत."

"मघापासून बाहेर आरडाओरडा चाललाय. तुझाच संघ आहे ना?"

मुलाने मान वळवली. बाहेर पुन्हा एकदा गलका उठला. तो खुर्चीत चुळबुळला, डावीकडे वाकला, उजवीकडे वाकला. "एक मिनिट हं, मी जरा उठून बघतो..."

"गेला! कामातून गेला!" वर्ग खदखदून हसला. मुलाने कपाळावर हात मारून घेतला.

बाईही हसल्या. "बघितलंत? तिने त्याला ढकललं नाही. त्याला काय हवंय ते ओळखलं आणि ते दुसरीकडे आहे एवढंच दाखवलं. याला म्हणतात पटवणं."

मोठी घरी पोचली तेव्हा मात्र तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. घराच्या पायरीवर पाय ठेवला की ते हल्ली आपोआपच मावळायचं.

तिचे वडील एका कंपनीचा ट्रक चालवायचे. त्या वर्षी ते गेले, आणि राहतं घर कंपनीचं असल्यामुळे घरही जाणार हे ठरून गेलं. आईला एका इस्पितळाच्या धुलाईघरात काम मिळालं. चादरी धुवायच्या, वाळवायच्या, इस्त्री करून घड्या घालायच्या. राहायला मागेच एक खोली होती. पण तिथला नियम कडक होता, कामगारासोबत एकच मूल. आईने बरेच हातापाय जोडले, तरी नियम हलला नाही. लांबच्या गावी वडिलांची बहीण होती. आत्याला मूलबाळ नव्हतं. एकीला मी नेते, आईला बरे दिवस येईपर्यंत सांभाळते, असं तिने कळवलं होतं.

आईने दोघींना समोर बसवलं. इस्त्रीने तिच्या मनगटावर डाग पडला होता, तो ती नकळत चोळत होती.

"मला विचारू नका गं. मी एकीचं नाव घेतलं, तर ते तिच्या कानात जन्मभर राहील. तुम्ही दोघी बोला आणि काय ते ठरवा."

मोठीला आईजवळच राहायचं होतं. आईच्या पदराला येणारा साबणाचा वास, तिचं ते कामावरून आल्यावर भिंतीला टेकून बसणं, यातलं काहीही सोडायला ती तयार नव्हती. बारकीलाही आईच हवी होती. फरक इतकाच, की बारकी जेमतेम सहा वर्षांची होती, आणि मोठीकडे विद्या होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी जिन्यात बसल्या होत्या. बारकी मोज्याच्या भोकात बोट घालून ते मोठं करत होती.

"तुला आत्या आवडते ना गं?" मोठीने विचारलं.

"आवडते. ती खूप हसते. पोट हलतं तिचं."

"आपल्या घरात हल्ली कोण हसतं?"

बारकीने विचार केला. "कोण्णीच नाही."

"आत्याच्या मांजरीला पिल्लं झालीत, ऐकलंस?"

"किती?"

"ते नाही सांगितलं तिने. कुणीतरी जाऊन बघायला हवं."

बारकीचं बोट मोज्यात थांबलं. "तिकडे आई येणार?"

"दर महिन्याला येणार. तिनेच सांगितलंय."

"आणि रात्री?"

मोठीने तिचा मोजा वर ओढला. मग म्हणाली, "आईला रात्रपाळीही असणार आहे. तेव्हा खोलीत आपलं आपण एकटीने झोपायचं. जी राहील तिने."

"अंधारात?"

"दिवा असेल की एक."

यात खोटं काहीच नव्हतं. रात्रपाळी महिन्यातून एखादाच आठवडा असणार होती, पण तेवढं मोठी बोलली नाही. बारकीने मोज्यातून बोट काढलं. जिन्याखालून कुणाची तरी सायकल खडखडत गेली.

"ताई, मग मीच जाते आत्याकडे."

मोठीच्या छातीत धडधडलं. वर्गात जिंकल्यावर व्हायचं तसंच. "बघ हं. तुझं तू ठरव."

"ठरवलं!" म्हणत बारकी उड्या मारत वर गेली.

आई हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिली. आधी तिने बारकीकडे पाहिलं, मग मोठीकडे. "वकीलबाई, तुम्ही हिला काही सांगितलंत?"

"मी जा म्हटलं नाही, आई. तिचं तीच म्हणाली."

"हो, माझं मीच ठरवलं!" बारकी ऐटीत म्हणाली.

आत्या येऊन बारकीला घेऊन गेली. मोठी आणि आई धुलाईघरामागच्या खोलीत राहायला आल्या. मोठीला हवं होतं ते मिळालं, पण ते तिला गोड लागेना. आई भिंतीला टेकून बसे, तेव्हा तिचा हात सवयीने शेजारी चाचपडे. दोन्ही बाजूंना मुली असण्याची सवय होती ती. एका बाजूला मोठी असे. दुसऱ्या बाजूला हात नुसता जमिनीवर पडून राही.

वर्गात एकदा बाईंनी विचारलं, "ही विद्या वर्गाबाहेर कुणी वापरली का रे?" कुणी सुट्टी मिळवली होती, कुणी बापाकडून कुत्रं पाळायची परवानगी. सगळे फुशारक्या मारत होते. मोठीने हात वर केला नाही. वर्ग सुटल्यावर मात्र ती बाईंच्या टेबलाशी गेली आणि तिने सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "बाई, मी हुकूम केला नाही, गयावया केली नाही, खोटं बोलले नाही. नियम सगळे पाळले."

बाई कितीतरी वेळ डस्टर हातात फिरवत राहिल्या. मोठीला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पाळलेस खरे," त्या अखेर म्हणाल्या. आवाज इतका खोल गेला होता की मोठीला टेबलावर वाकावं लागलं. "खुर्चीवरून उठवायचं कसं, ते शिकवत बसले मी. उठवलेलं पोर मग कुठे जाऊन बसतं, हे मी एकदाही विचारलं नाही. तुम्हाला नाही आणि स्वतःलाही नाही. जा बाळ, घरी जा."

महिना सरला. आई आणि मोठी बसने आत्याकडे गेल्या. बारकी दारातच उभी होती. धावत आली नाही. पाहुण्यांना म्हणावं तसं "या" म्हणाली.

"एवढंसं पाखरू, पण केवढं शहाणं!" आत्या आईला म्हणाली. आज तिचं पोट हलत नव्हतं. "वहिनी, रडत नाही, हट्ट नाही. मला तर त्याचीच भीती वाटते. ताटात वाढलेलं निम्मं तसंच राहतं. कपडे पिशवीतून बाहेर काढूच देत नाही. रोज लागतील तेवढे काढते, उरलेले पुन्हा भरते."

आई आत्याबरोबर आत गेली. मोठी आणि बारकी अंगणात उरल्या. बारकीच्या पायांत चपला होत्या, घरातही ती त्या काढत नसे.

"करमतं का गं तुला?" मोठीने विचारलं.

"इथे आत्या हसते. आई दर महिन्याला येते. आणि तिकडे रात्री एकटीला झोपावं लागतं." बारकीने पाठ केल्यासारखं घडाघडा म्हटलं.

ही कारणं मोठीनेच जिन्यात तिच्या हाती दिली होती. "तुला रडू नाही येत?"

"येतं."

"मग रडत का नाहीस?"

"माझं मीच ठरवलं ना ताई," बारकी समजावत म्हणाली, जणू मोठीच लहान होती. "आपलं आपण ठरवलं की मग रडायचं नसतं. कुणावर रागवायचं पण नसतं."

आता मोठीला बोलायचं होतं. काय बोलायचं ते तिला सुचेना. डोक्यात पटापट वाक्यं जुळायची, तिथे आज सामसूम होती.

"तू नाही ठरवलंस," ती म्हणाली. "मी ठरवलं. जिन्यात बसून तुला ते म्हणायला लावलं. मला आई हवी होती. रात्रपाळी थोडेच दिवस असते, ते मी मुद्दाम बोलले नाही."

"पण मीच म्हटलं होतं."

"तुला तसंच वाटायला हवं होतं. ते मला करता येतं. वर्गात शिकवतात."

बारकी तिच्याकडे बघत राहिली. तिला सगळं समजलं नसावं. पण रागवायला परवानगी मिळाली, एवढं मात्र नक्की समजलं. तिचा खालचा ओठ थरथरला. तिने मोठीच्या पोटावर दोन्ही मुठींनी मारलं, एकदा, मग पुन्हा, आणि महिनाभराचं साठलेलं रडणं असं फुटलं की आई आतून धावत आली. बारकी आईच्या गळ्यात पडली ती सुटेचना. मोठी जवळ गेली, तशी तिने तोंड फिरवलं.

"काय झालं? काय बोललीस हिला?" आईने विचारलं.

मोठीने आईलाही सगळं सांगितलं. फार वाईट सांगितलं. मध्येच अडखळली, आधीचं नंतर आणि नंतरचं आधी झालं, नाक पुसायला थांबली. बाईंनी ऐकलं असतं, तर एकही गुण दिला नसता.

आईच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मोठीला सोसला असता. तिथे नुसता थकवा होता.

"संध्याकाळच्या बसने हिला ने," मोठी म्हणाली. "मी राहते इथे."

"आणि तुझी शाळा? तुझा तो वर्ग?"

मोठी आत गेली, बारकीची भरलेली पिशवी खांद्याला लावली आणि संध्याकाळी त्या दोघींच्या मागून बस थांब्यापर्यंत चालत गेली. बारकीने तिला हात धरू दिला नाही. बस सुटली तेव्हा बारकी आईच्या मांडीवर होती, पाठ खिडकीकडे करून. आईने काचेवर तळहात टेकवला होता.

बस वळणावरून दिसेनाशी झाली. मोठीने डोळे पुसले, आणि आत्याच्या मागोमाग ती घराकडे चालू लागली.