उचललं की मिटणारा कंपास

मित्रांनो, मी सुनेत्राच्या कंपासपेटीतला दोन पायांचा कंपास. वय बत्तीस. हल्ली मुक्काम नेदरलँड्समधलं झूटरमेर गाव, स्वयंपाकघरातला खालून दुसरा खण, शेजारी रबरबँड आणि संपलेले सेल. जन्मलो वर्तुळं काढायला, आणि गेली चार वर्षं माझं टोक राउटरच्या रीसेटच्या भोकात खुपसतात. कुणाला सांगावं?

नागपुरात असं नव्हतं. शाळकरी सुनेत्रा दर एप्रिलला वस्तीतल्या मिरवणुकीसाठी पुठ्ठ्यांवर धम्मचक्रं काढायची. एका वर्षी तर सलग एकवीस. लोकांनी तिला नावाजलं, चक्रांना नावाजलं. माझा स्क्रू मात्र त्या आठवड्यात कायमचा सैल झाला. कागदावर टेकलेला असेन तोवर ठीक, उचललं की पाय मिटतात. दोरा गुंडाळून झाला, नेलपॉलिश लावून झालं. फरक शून्य.

गेल्या सोमवारी सुनेत्राच्या लेकीला, तेजलला, वर्गासमोर बोलायचं होतं. विषय युक्लिड, म्हणजे दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा ग्रीक गणिती, ज्यानं भूमितीचा पाया नीट रचून दिला. तिचा नवा कंपास दप्तराच्या उघड्या कप्प्यातून कालव्यात गेलेला. आदल्या दिवशीची, रविवारची संध्याकाळ, दुकानं बंद. तेव्हा कुठे माझी आठवण झाली.

तिनं पट्टीवर सहा सेंटिमीटर अंतर घेतलं, मला उचललं. मी मिटलो.

"आई, इट्स ब्रोकन."

"ब्रोकन नाही गं, सैल आहे."

"सेम थिंग."

तिचे बाबा, अश्वजित, लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाले, "सुनेत्रा, उद्या भंगारात देऊन येतो तो. तुझे ते बंद पडलेले चार्जरही नेतो."

"चार्जरना हात लावायचा नाही."

माझ्याबद्दल अवाक्षर नाही. चार्जर वाचले, मित्रांनो.

तेजल तोंड पाडून भाषणाची पानं चाळत होती. मध्येच थांबली. "वेट. युक्लिड्स कंपास आल्सो क्लोजेस व्हेन यू लिफ्ट इट."

खरंच. युक्लिडच्या नियमांत कंपासनं अंतर उचलून दुसरीकडे न्यायचंच नाही. उचलला की मिटला, असं धरून चालायचं. इतकी वर्षं मला जे ऐकवलं, तो तिकडे नियम होता!

तेजलनं पट्टी उलटी धरून, न मोजता एक रेघ ओढली. माझी सुई रेघेच्या एका टोकाला, पेन्सिल दुसऱ्या टोकापर्यंत, आणि कंस काढला. मला उचललं, मी मिटलो. मग सुई दुसऱ्या टोकाला, पेन्सिल पहिल्यापर्यंत, आणखी एक कंस. दोन्ही कंस छेदले तिथून खाली दोन रेघा. अश्वजितनी उठून मोजलं. तिन्ही बाजू सारख्या.

त्यांनी लगेच स्क्रूड्रायव्हर आणला. "आण, घट्ट करून देतो."

"बाबा, नको," तेजल चक्क मराठीत म्हणाली.

वर्गात मी सगळ्यांसमोर मिटलो. मुलं हसली. त्रिकोण पूर्ण झाला तेव्हा हसत नव्हती.

मित्रांनो, जुनं अवजार टाकण्याआधी एकदा त्याला त्याचं काम देऊन बघा. त्याचं, राउटरचं नव्हे. आम्हाला कौतुक नको, कोरा कागद हवा.

काल पुन्हा नेट गेलं. अश्वजितनी खण उघडला, सवयीनं माझ्याकडे हात नेला, थांबले, आणि हाक मारली, "सुनेत्रा, घरात टाचणी आहे का गं?"